कसब आणि कूळ : अंतराळपटांतील नायकाची पूर्वकथा

अंतराळपटात यानं प्रकाशाहून वेगानं धावतात, निर्वात पोकळीत स्फोटांचे आवाज घुमतात, आणि प्रेक्षक हे सगळं बिनतक्रार मान्य करतो. पण त्याच यानात एखादा नवखा पोरगा बसला आणि पहिल्याच उड्डाणात त्यानं शत्रूचा तळ उडवला, की तोच प्रेक्षक विचारतो, ‘याला हे आलं कुठून?’ विज्ञानाच्या बाबतीत इतका उदार असलेला प्रेक्षक कसबाच्या बाबतीत एवढा काटेकोर का होतो?

प्रकाशवेगाचा त्याला अनुभव नसतो. शिकण्याचा मात्र असतो. सायकल शिकताना गुडघे फुटतात, तबल्यावर बोटं बसायला वर्षं जातात, हे त्याला ठाऊक असतं. प्रत्यक्षातल्या अंतराळवीरांची चरित्रंही हेच सांगतात. नील आर्मस्ट्राँग यांनी सोळाव्या वर्षी विमानोड्डाणाचा परवाना मिळवला, कोरियन युद्धात ७८ मोहिमा केल्या, ‘एक्स-१५’ हे रॉकेट-विमान सात वेळा उडवलं. मे १९६८मध्ये चंद्रावर उतरण्याचा सराव करताना यान कोसळलं आणि ते हवाई छत्रीमुळे वाचले. २० जुलै १९६९ रोजी यान खडकाळ विवराकडे जात असताना नियंत्रण हाती घेणारा माणूस एका दिवसात घडला नव्हता.

दोन तासांच्या चित्रपटाला एवढी वर्षं दाखवणं शक्य नसतं. म्हणून तो पूर्वकथेचा आधार घेतो. ती पटण्यासाठी पहिली अट अशी, की कसबाची खूण गरज पडण्याआधी दिसायला हवी. ‘एलियन्स’ (१९८६) या चित्रपटात रिप्ली माल चढवणारं अवजड यंत्र चालवून दाखवते, तेव्हा सैनिक कौतुकानं हसतात. तो प्रसंग वरकरणी किरकोळ. शेवटी त्याच यंत्रात शिरून ती राक्षसिणीला भिडते, तेव्हा कोणालाही शंका येत नाही. गोदीत काम केलेल्या बाईचे हात आपण आधीच पाहिलेले असतात.

‘स्टार वॉर्स’मध्ये (१९७७) ही तयारी त्या मानानं तोकडी आहे. ल्यूक हा वाळवंटी ग्रहावरचा शेतकरी पोरगा. अखेरच्या हल्ल्याआधी तो लढाऊ यान चालवताना आपल्याला दिसत नाही. त्याच्या हातात खेळण्यातलं यान दिसतं, आणि गावाकडे आपण उंदरासारखे प्राणी अचूक टिपायचो, हे तो सांगतो. बालमित्र बिग्ज त्याच्या वैमानिकीची ग्वाही देतो, तो प्रसंग तर मूळ चित्रपटातून कापला गेला होता. १९९७च्या आवृत्तीत तो परत आला.

दुसरी अट मर्यादेची. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरता येतं, बाहेर पडता येत नाही. म्हणूनच त्याचं शिरणं खरं वाटतं. ‘ग्रॅव्हिटी’तल्या (२०१३) डॉ. रायन स्टोन यांचं प्रशिक्षण जेमतेम सहा महिन्यांचं, आणि सरावात त्यांनी दर वेळी यान आपटलेलं. त्यामुळे त्यांनी दाबलेल्या प्रत्येक बटणाबरोबर आपला श्वास अडकतो.

या दोन अटी लावल्या, की ‘द फोर्स अवेकन्स’मधल्या (२०१५) रेवरून झालेला वाद नीट तपासता येतो. अनेकांनी तिला ‘मेरी स्यू’ म्हटलं. हे नाव पॉला स्मिथ यांच्या १९७३मधल्या, ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी लिहिलेल्या कथांची टर उडवणाऱ्या गोष्टीतलं; त्यातली साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट सर्वगुणसंपन्न असते. पण रे पडक्या युद्धनौकांमधले सुटे भाग काढून पोट भरते, तिला यंत्रांची नस माहीत आहे, आणि ‘मिलेनियम फाल्कन’ उडवताना ती सुरुवातीला तो आपटत, घासतच नेते. उड्डाणापुरती तरी तिची पूर्वतयारी ल्यूकपेक्षा जास्तच दिसते. कोणी न शिकवता ती दुसऱ्याच्या मनावर ताबा मिळवते, तिथे मात्र शंका रास्त ठरते. ल्यूकला पुढच्याच चित्रपटात (१९८०) गुरूपाशी वारंवार अपयश येतं आणि द्वंद्वात तो हात गमावतो. त्याची उधारी तिथे वसूल होते. हाच हिशेब दोघांना सारखा लावायला हवा. नायिका आली म्हणून तराजू बदलणं बरोबर नाही.

तिसरी बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते : कसबाचा उगम कष्टात आहे की कुळात? १९८०मध्ये ल्यूकला वडिलांचं नाव कळतं, तेव्हा त्याचं कौशल्य वाढत नाही, त्याच्यावरचं संकट वाढतं. १९९९च्या ‘द फँटम मेनेस’मध्ये मात्र नऊ वर्षांच्या अनाकिनचं सामर्थ्य रक्ताच्या तपासणीतून मोजलं जातं. रेचे आईबाप कुणी मोठे नव्हते, असं २०१७च्या चित्रपटानं सांगितलं होतं. २०१९मध्ये ती सम्राट पॅल्पटीनची नात निघाली. आता तिच्या प्रत्येक पराक्रमाला कारण मिळालं, पण भंगारात राबून शिकलेली मुलगी मागे पडली.

रक्ताचा दाखला प्रश्न गप्प करतो. तो पटवून देत नाही. दूरच्या आकाशगंगेतल्या नायकाला प्रेक्षक आपला मानतो, तो त्याच्या हातावरचे घट्टे ओळखीचे वाटतात म्हणून. ते पुसून तिथे वंशावळ लिहिली, तर नायक मोठा होतो खरा, पण आपल्यातला उरत नाही.