ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन

पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन ही द्रव्ये पाण्याहून हलकी असल्यामुळे खाडीत पडलेली त्यांची पिशवी सहसा बुडत नाही. ती ओहोटीबरोबर समुद्रात जाते आणि नैर्ऋत्येचे वारे सुटले की अलिबाग, नागाव, काशीदच्या वाळूवर परत येऊन पडते. यांपैकी पॉलिएथिलीन तर याच रायगड जिल्ह्यात, अंबा नदीकाठच्या नागोठण्यास, वायूपासून तयार होते. कोणत्याही कंपनीच्या आश्रयाविना काढलेल्या आपल्या ध्वनिमुद्रिका, टी-शर्ट व झोळ्या मंचाशेजारीच मांडून विकणाऱ्या गायक-वादकांनी या पिशव्यांच्या प्रश्नाचा विचार अगत्याने करावयास हवा, कारण मोठ्या कंपनीत जे अनेक खात्यांच्या संमतीवाचून होत नाही, ते त्यांना मागणीपत्रातील एका कलमाने साधते.

छापखान्यातून येणारा प्रत्येक टी-शर्ट स्वतंत्र पारदर्शक पिशवीत असतो. सीडीची पेटी पॉलिस्टायरिनची, तिच्यावर पातळ पापुद्रा, आणि कुरियरची पिशवी त्याहून निराळी. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालून पहिल्या गुन्ह्यास 5000 रुपये दंड ठरविला, आणि 1 जुलै 2022 पासून केंद्र सरकारनेही एकदाच वापरावयाच्या काही जिनसांवर देशभर बंदी आणली. परंतु उत्पादनाच्या जागीच चढविलेल्या वेष्टनास राज्याच्या हुकुमात बहुतांशी मुभा राहिली, म्हणून येथे कायद्याहून कलावंताचा आग्रहच अधिक उपयोगी आहे.

हा आग्रह अव्यवहार्य नाही, याची साक्ष आपल्याच संगीताचा इतिहास देतो. 1902 साली कलकत्त्यास गायिका गोहरजानचे गाणे मुद्रित झाले तेव्हापासून पुढे अर्धशतक, ज्या तबकड्यांवर हिंदुस्थानचे गायन घरोघर पोहोचले, त्या लाखेच्या होत्या आणि हातून निसटताच फुटत असत. तरीही त्यांचे दुकानातील आवरण म्हणजे, तबकडीच्या मध्यावरचे नाव वाचता यावे म्हणून गोल भोक पाडलेला जाड कागदी लिफाफा एवढेच असे. टपालाने जाणारी पार्सलेही मांजरपाटात शिवून त्यांवर लाखेचीच मोहर उमटविण्याची रीत होती. त्यानंतर आलेली व्हिनाइलची तबकडी स्वतः प्लॅस्टिकचीच, हे खरे. परंतु ती माणूस जन्मभर जपतो, तिच्यावरचा पापुद्रा मात्र घरी येताच फाडून टाकतो, आणि माझ्या मते टाळावयाचे ते प्रथम हेच.

तेव्हा कपडे सुटे न बांधता खाकी कागदाच्या एकाच गठ्ठ्यात पाठवावेत, अशी तजवीज छापणाराशी आगाऊ करावी. सीडीसाठी पुठ्ठ्याचे पाकीट घ्यावे आणि त्यावर प्लॅस्टिकचा मुलामा देऊ नये अशी स्पष्ट ताकीद द्यावी, कारण असा मुलामा कागदापासून सहजी सुटत नाही व त्या पुठ्ठ्याचा पुन्हा लगदा करणे अवघड होते. समोर उभ्या असलेल्या श्रोत्याच्या हाती द्यावयाच्या वस्तूस तर कसलेच वेष्टन नको.

खरी अडचण पावसाची. कोकणातल्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत कागद लवकर मऊ पडतो, आणि भिजलेले पार्सल परत आले तर श्रम व माल दोन्ही वाया जातात. अशा दिवसांत आत मेणकागद, बाहेर दुहेरी पुठ्ठा व जोडावर पाण्याने चिकटणारी कागदी पट्टी वापरावी, आणि मुसळधारेच्या आठवड्यांत टपाल लांबणीवर टाकून तसे ग्राहकास मागणी घेतानाच कळवावे.