टाईट, तर्र आणि तळीराम

बीड जिल्ह्यातल्या तेलगावच्या चौकात संध्याकाळी एखादा गडी झोकांड्या खात निघाला, की टपरीवर कुणीतरी हलक्या आवाजात म्हणतं, ‘लई टाईट हाय.’ बोलणाऱ्याला इंग्रजी येत असो वा नसो, त्याच्या तोंडी इंग्रजीतला एक म्हातारा शब्द असतो. ‘टाईट’ म्हणजे प्यालेला, हा अर्थ इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात रुळला. हेमिंग्वेच्या १९२६ सालच्या ‘द सन ऑल्सो राइजेस’ या कादंबरीतली माणसं सारखी टाईट होतात. आता इंग्रजी शब्दकोश या अर्थाला जुना म्हणतात. बीड जिल्ह्यात तो अजून रोजचा आहे.

इंग्रजीत असे शब्द पोत्यानं सापडतात. बेंजामिन फ्रँकलिननं १७३७ साली आपल्या वृत्तपत्रात नशेसाठीचे दोनशेहून अधिक शब्दप्रयोग छापले होते. खलाशी झिंगलेल्याला ‘थ्री शीट्स टू द विंड’ म्हणत. इथं ‘शीट’ म्हणजे शीड ताणून धरणारी दोरी. तीन दोऱ्या सुटल्या की शिडं फडफडतात आणि गलबत डुलायला लागतं.

मराठीनं शब्द घेतले ते भट्टीवरून आणि वजनमापांतून. ‘बेवडा’ ही मुळात दोनदा गाळलेली दारू. पुढं ते नाव पिणाऱ्यालाच चिकटलं. नवटाक म्हणजे शेराचा आठवा हिस्सा. शेर-पावशेर बाजारातून गेले, पण ‘नवटाक मारून आलाय’ हे बोलणं मागं राहिलं. तर्र, टुन्न, टल्ली यांना तर नुसता नादच पुरतो.

‘तळीराम’ मात्र रंगभूमीवरून आला. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्याच वर्षी त्यांचं ‘एकच प्याला’ रंगमंचावर आलं. नाटकाचा नायक सुधाकर याला पहिल्या प्याल्याची वाट दाखवणारा आणि पिणाऱ्यांच्या आर्यमदिरामंडळात रमणारा हा तळीराम शंभर वर्षांनंतरही ३१ डिसेंबरच्या बातम्यांत भेटतो. नाटकातल्या एका पात्राचं असं सामान्यनाम होणं मराठीत फार थोड्यांच्या वाट्याला आलं आहे. त्याच नाटकातल्या सिंधूचं, म्हणजे सुधाकराच्या बायकोचं नाव मात्र तसं पसरलं नाही, आणि सगळं सोसलं तिनंच.

शब्द कोण वापरतं, यावरही बरंच ठरतं. पिणारा ‘घेतो’, मित्रांबरोबर ‘बसतो’, त्याला ‘थोडी लागते’. दारूचं नावही निघत नाही. घरात त्याची वाट बघणारी बाई असलं मऊ बोलत नाही. ‘ढोसून आला’, ‘पेऊन पडला’, असं ती सरळ म्हणते, कारण त्या शब्दांची किंमत तिच्या घरातून जाते.

महाराष्ट्रात दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान होतं, तेव्हा मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. पुरेशा मतांचा कौल आडव्या बाटलीला मिळाला, तर दुकानाला टाळं लागतं. ‘बाटली आडवी केली’ हा वाक्प्रचार त्या मतपत्रिकेतून आला, आणि तो गावोगावच्या बायकांनी घडवला.