रुग्णालयात आपला माणूस पडू नये म्हणून

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात आग लागून 10 बाळं दगावली. तेव्हापासून आपल्याकडे रुग्णालयाच्या सुरक्षेचा विषय निघाला की आगीची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण वॉर्डात दुसरा एक धोका रोजचा आहे, त्याची बातमी होत नाही. तो म्हणजे रुग्णाचं पडणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार लोक पडल्यामुळे मरण पावतात. त्यात 60 वर्षांवरील लोक सर्वाधिक.

आंबागडहून आपण आजारी माणसाला तुमसर, भंडारा किंवा नागपूरच्या मेडिकलला नेतो. घरची वाट त्याला अंधारातही माहीत असते. वॉर्डात मात्र कॉट उंच, फरशी गुळगुळीत आणि संडास लांब. बराच वेळ झोपून एकदम उठलं की रक्तदाब खाली येतो, चक्कर येते. त्यात झोपेची गोळी किंवा सलाईनची नळी असली तर तोल जायला वेळ लागत नाही.

हा धोका मोजण्यासाठी अनेक रुग्णालयांत मोर्स स्केल ही 6 मुद्द्यांची पद्धत वापरतात. रुग्ण गेल्या 3 महिन्यांत पडला असेल तर 25 गुण, सलाईन चालू असेल तर 20. हे दोन मिळूनच 45 होतात, आणि तेवढ्यावर अनेक ठिकाणी धोका जास्त मानतात. आता घरी अब्बा अंगणात पडले होते, हे सिस्टरला कोण सांगणार? आपणच. म्हणून भरती करतानाच ते सांगा. विचारायची वाट पाहू नका.

बाकीची काळजी साधी आहे. कॉटच्या चाकांना ब्रेक लावलेला आहे का ते पाहा. चष्मा, पाणी, काठी हाताशी ठेवा. घसरणारी चप्पल नको. उठताना आधी दोन मिनिटं पाय खाली सोडून बसवा. झोपण्याआधी लघवीला नेऊन आणा. "तुमची झोप कशाला मोडू" म्हणून म्हातारी माणसं रात्री एकटीच उठतात. त्यांना आधीच सांगून ठेवा, "मला उठवाच."

फजरच्या वेळी वुजूसाठी ओल्या बाथरूमकडे जाणं हाही असाच प्रसंग. लोटा आणि टब कॉटजवळ आणून वुजू करवता येतो. उभं राहता येत नसेल त्याला बसून, तेही जमत नसेल तर पडून नमाजची सवलत आहे. पाण्याने अपाय होत असेल तर तयम्मुमबद्दल आलिमांना विचारा.

तरीही कोणी पडलंच तर ओढून उचलू नका. आधी सिस्टरला बोलवा. डोक्याला मार लागला असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना लगेच सांगा, वरून जखम दिसत नसली तरी.