वाटेवरचा अदृश्य मध्यस्थ

डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनमधील असंख्य इंटरनेट ग्राहकांना एक चमत्कारिक अनुभव आला. विकिपीडियावरील लेखात साधी दुरुस्ती करू गेल्यास, या पत्त्यावरून गैरवर्तन झाल्यामुळे संपादनास मनाई आहे, अशा आशयाची सूचना झळकू लागली. गैरवर्तन करणारा कोणी दुसराच होता. शिक्षा मात्र सरसकट झाली होती.

त्याचे मूळ एका पानात होते. 'स्कॉर्पिअन्स' या जर्मन रॉक बँडच्या १९७६ मधील अल्बमचे वादग्रस्त मुखपृष्ठ दाखवणारे विकिपीडियाचे पान 'इंटरनेट वॉच फाउंडेशन'ने ५ डिसेंबरला काळ्या यादीत टाकले. बंदी संपूर्ण विकिपीडियावर नव्हती. परंतु ते पान अडवायचे, तर विकिपीडियाकडे जाणारी प्रत्येक विनंती उघडून पाहणे भाग होते. हे काम इंटरनेट कंपन्यांच्या 'ट्रान्स्परंट प्रॉक्सी'ने केले.

साध्या प्रॉक्सीचा पत्ता ग्राहक स्वतः ब्राउझरमध्ये भरतो. ट्रान्स्परंट प्रॉक्सीचा त्याला सुगावाही नसतो. ग्राहकाच्या संगणकाने संकेतस्थळाकडे धाडलेली विनंती कंपनीचा राउटर वाटेतच वळवून प्रॉक्सीकडे देतो. वेबची साधी वाहतूक ८० क्रमांकाच्या पोर्टवरून होत असल्याने ती निवडून काढणे सोपे असते. प्रॉक्सी संकेतस्थळाच्याच नावाने उत्तर देऊन जोडणी पूर्ण करतो, हवे असलेले पान वाचतो आणि यादीत नसेल तर स्वतः नवी जोडणी करून ते आणून देतो. पत्र ज्याच्या नावे, उत्तरही त्याच्याच सहीचे. लिहिणारा हात मात्र तिसऱ्याचा!

घोटाळा या दुसऱ्या जोडणीत झाला. ती प्रॉक्सीच्या स्वतःच्या आयपी पत्त्यावरून होत असे. मूळ ग्राहकाचा पत्ता विनंतीसोबत पुढे पाठवण्याची सोय तंत्रात आहे. पण तेथे ती वापरली गेली नव्हती. परिणामी कंपनीचे सारे ग्राहक विकिपीडियाला मोजक्याच पत्त्यांवरून आल्यासारखे दिसू लागले. त्यांतील एखाद्याने लेखांची नासधूस केली, की त्या पत्त्यावर बंदी येई आणि खाते नसलेल्या सर्वांचेच संपादन थांबे. शिवाय बंदी घातलेल्या पानाऐवजी काही कंपन्या 'पान सापडले नाही' असा संदेश दाखवत. पान अडवले आहे, हे सांगण्याचा प्रामाणिकपणाही त्यात नव्हता. अखेर ९ डिसेंबरला फाउंडेशनने ते पान यादीतून वगळले.

अशा प्रॉक्सीचा जन्म पाळतीसाठी झाला नव्हता, हेही नमूद करायला हवे. बँडविड्थ महाग होती, तेव्हा शेकडो ग्राहकांनी मागितलेले एकच पान एकदाच आणून साठवून ठेवणे परवडणारे होते. १९९६ पासूनचे 'स्क्विड' हे मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठीच लोकप्रिय झाले.

विकिपीडियाने २०१५ मध्ये सर्व वाहतूक 'एचटीटीपीएस'वर नेली. कूटबद्ध जोडणीत वाटेवरच्या यंत्राला सहसा संकेतस्थळाचे नाव कळते. पान कोणते, ते कळत नाही. संकेतस्थळाचे सोंग घ्यायचे, तर त्याच्या नावाचे विश्वासार्ह प्रमाणपत्र लागते आणि ते प्रॉक्सीपाशी नसते. कार्यालयांत मात्र यालाही पळवाट आहे. कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर कंपनी स्वतःचे मूळ प्रमाणपत्र आधीच बसवून ठेवू शकते. मग तिच्या प्रॉक्सीने तयार केलेली प्रमाणपत्रे ब्राउझर निमूटपणे स्वीकारतो. पत्त्याशेजारील चिन्हावर क्लिक करून प्रमाणपत्र कोणी दिले ते पाहिले, तर अशा ठिकाणी बहुधा त्या कंपनीचे किंवा तिच्या सुरक्षा यंत्रणेचे नाव आढळते.