गुणसूत्रांचे स्थानांतरण आणि लिंफोमाची उत्पत्ती

१९५८ साली युगांडात शल्यचिकित्सक म्हणून काम करणाऱ्या डेनिस बर्किट यांनी लहान मुलांच्या जबड्यात अतिशय वेगाने वाढणाऱ्या एका अर्बुदाचे वर्णन प्रसिद्ध केले. हा लसीकापेशींचा कर्करोग, म्हणजेच लिंफोमा, असल्याचे पुढे ठरले व त्यास बर्किट यांचेच नाव मिळाले. या अर्बुदाच्या पेशींत १४ व्या गुणसूत्राच्या टोकास एक जादा तुकडा जोडलेला असतो, असे १९७२ मध्ये दिसून आले. तो ८ व्या गुणसूत्रावरून आलेला आहे, हे १९७६ मध्ये कळले. दोन गुणसूत्रे तुटून त्यांच्या तुकड्यांची अशी अदलाबदल होणे, यास स्थानांतरण म्हणतात. केवळ जागा बदलल्याने पेशी कर्करोगी का व्हावी, हा येथील मूळ प्रश्न होय.

त्याचे उत्तर १९८२ मध्ये मिळू लागले. ८ व्या गुणसूत्रावरील तुटीच्या जागी मिक नावाचे जनुक असते. पेशीविभाजनास चालना देणारे प्रथिन त्यापासून तयार होते. निरोगी पेशीत हे जनुक संदेश मिळाल्यावरच जागे होते आणि काम होताच शांत होते. १४ व्या गुणसूत्रावर मात्र ते प्रतिपिंडाच्या जड साखळीच्या जनुकाशेजारी येऊन पडते. बी-लसीकापेशींत प्रतिपिंडांची जनुके सतत कार्यरत असतात. त्यांच्या उद्दीपक भागांच्या अमलाखाली आलेले मिकही मग थांबत नाही. काही रुग्णांत ८ व्या गुणसूत्राची अदलाबदल २ ऱ्या किंवा २२ व्या गुणसूत्राशी होते. प्रतिपिंडाच्या हलक्या साखळ्यांची जनुके नेमकी याच दोन गुणसूत्रांवर आहेत. म्हणजे जोडीदार बदलला तरी परिणाम तोच राहतो.

ही तूट याच पेशींत का पडावी? बी-पेशी विविध प्रतिपिंडे निर्माण करण्यासाठी स्वतःचे डीएनए हेतुपुरस्सर कापते व जोडते. अस्थिमज्जेत रॅग विकर जनुकांचे खंड कापून त्यांची नवी जुळणी करते. पुढे लसीकाग्रंथींतील जननकेंद्रांत एड हे दुसरे विकर त्याच जनुकांत बदल घडविते. क्वचित कापलेली टोके चुकीच्या जोडीदाराशी सांधली जातात. शरीररक्षणाची जी शक्ती, तीच येथे रोगाचे द्वार ठरते.

सर्व स्थानांतरणांचे कार्य मात्र एकसारखे नसते. फॉलिक्युलर लिंफोमाच्या बहुसंख्य रुग्णांत १८ व्या गुणसूत्रावरील बीसीएल-२ हे जनुक १४ व्यावर येते. हे जनुक विभाजन वाढवीत नाही, तर पेशीचा नियत मृत्यू टाळते, असे वॉ, कोरी व अ‍ॅडम्स यांनी १९८८ मध्ये दाखविले. हा रोग बहुधा संथपणे वाढतो, ही गोष्ट याच्याशी सुसंगत आहे. मॅंटल पेशींच्या लिंफोमात ११ व्या गुणसूत्रावरील सायक्लिन डी-१ चे जनुक अशाच रीतीने मोकाट सुटते. याहून निराळा प्रकार १९९४ मध्ये उघडकीस आला. टी-पेशींच्या एका लिंफोमात २ ऱ्या व ५ व्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीने दोन जनुके एकमेकांस जोडली जातात व एएलके हे विकर अंगी असलेले संकरित प्रथिन निर्माण होते. येथे जनुकाचे केवळ स्थान नव्हे, तर स्वरूपच बदलते.

तथापि स्थानांतरण हे रोगाचे एकमेव कारण मानणे चुकीचे ठरेल. १४ व १८ या गुणसूत्रांतील अदलाबदल असलेल्या मोजक्या पेशी अनेक निरोगी प्रौढांच्या रक्तातही सापडतात, आणि त्यांपैकी बहुतेकांस हा रोग कधीच होत नाही. मिकचा अतिरेक झाल्यास पेशी सामान्यतः स्वतःचा नाश करून घेते. म्हणूनच बर्किट लिंफोमात पी-५३ या रक्षक जनुकातही वारंवार बिघाड आढळतो. जेव्हा मिक आणि बीसीएल-२ या दोहोंची स्थानांतरणे एकाच पेशीत होतात, तेव्हा एक विभाजनास भाग पाडते व दुसरे मृत्यूस अडविते. अशा रुग्णांत रोग विशेष उग्र होतो.

यास्तव स्थानांतरणाचा शोध केवळ नोंदीसाठी घ्यावयाचा नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या भासणाऱ्या अर्बुदांतील भेद त्यातून कळतो आणि उपचारांची निवडही त्यावर अवलंबून असू शकते. एएलके विकरास रोधणारे क्रिझोटिनिब हे औषध याचे उदाहरण आहे. परतलेल्या किंवा उपचारांस न जुमानणाऱ्या अशा लिंफोमाच्या बालरुग्णांसाठी त्यास अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. मात्र रक्तात एखादी स्थानांतरित पेशी दिसली, एवढ्यावरून रोगाचा निर्णय करता येत नाही. गुणसूत्राचा पुरावा ऊतीच्या परीक्षणासह व रुग्णाच्या अवस्थेसह वाचला, तरच त्याचा खरा अर्थ लागतो.