ज्वारीला दिनमान कसे कळते?

खरिपात गावरान ज्वारी पेरणाऱ्या जुन्या शेतकऱ्यांना एक गोष्ट पूर्वापार ठाऊक आहे. मृगात पेरलेले शेत आणि पंधरा-वीस दिवस मागाहून पेरलेले शेत यांची कणसे बहुधा एकाच सुमारास निसवतात. उशिरा पेरलेले ताट आखूड राहते, कडबा कमी मिळतो. परंतु निसवण्याची वेळ फारशी ढळत नाही. असे का व्हावे, याचा उलगडा आता बराच झाला आहे.

वनस्पतींच्या पेशींत सुमारे २४ तासांचे एक जीवघड्याळ अखंड चालू असते. या घड्याळाशी जोडलेले ‘एमए-१’ हे एक जनुक ज्वारीत आहे. त्याचा परिणाम पैदासकारांना विसाव्या शतकाच्या मध्यापासून परिचित होता. ते जनुक नेमके कोणते, हे टेक्सासमधील संशोधकांनी २०११ साली दाखविले. हे जनुक दिवसातून दोन वेळा, सकाळी व सायंकाळी, जागे होते. फुलोरा रोखून धरणे हे त्याचे काम. मात्र ते त्याला उजेडातच साधते. जून-जुलैमध्ये आपल्याकडे दिवस १३ तासांहून मोठा असतो. सायंकाळच्या पाळीला अद्याप उजेड असल्याने फुलोरा अडून राहतो. पुढे दिवस लहान होत जातो, तशी ही पाळी अंधारात पडू लागते. अडसर सुटतो, पानांत फुलोऱ्याचा संदेश तयार होऊन शेंड्याकडे जातो, आणि तेथे पानांऐवजी कणीस घडू लागते.

उष्ण प्रदेशातील ज्वारी अमेरिकेत गेली, तेव्हा उन्हाळ्यातील लांब दिवसांमुळे ती वेळेवर निसवेना. ज्या झाडांत हे जनुक निकामी झाले होते ती लवकर पिकली, आणि तीच तेथे टिकली. आपली पहिली संकरित ज्वारी, ‘सीएसएच-१’, १९६४ साली प्रसारित झाली. तिची मादी अमेरिकेतील काफिर वाणाची होती. या संकरिताने उत्पन्न वाढविले, यात शंका नाही. परंतु ते आपले दिवस भरले की पिकते. पाऊस किती उरला, याची त्याला फिकीर नाही. दाणा पक्व होताना पाऊस लागून राहिला, की कणसावर बुरशी चढते, दाणे काळे पडतात आणि बाजारात भाव उतरतो. गावरान वाण या संकटातून बहुधा सुटतो. मात्र पाऊस लवकर उघडला, तर हलक्या जमिनीत त्याचाच दाणा पोचट राहतो. तेव्हा एकाला चांगले व दुसऱ्याला वाईट म्हणण्यात अर्थ नाही.

शेतकरी बंधुभगिनींनी बियाणे घेताना केवळ किती दिवसांत तयार होते एवढेच न विचारता, आपल्या पेरणीपासून मोजून ते कोणत्या पंधरवड्यात निसवेल हेही विचारावे. गावातील कार्यकर्त्यांनी प्रत्येक वाणाची पेरणीची व निसवण्याची तारीख आणि शेवटच्या मोठ्या पावसाची तारीख दोन-तीन हंगाम वहीत टिपून ठेवावी.

जाता जाता एक सूचना. रस्त्यावरील प्रखर दिव्याजवळ सोयाबीनचा पट्टा हिरवागार राहून शेंगा उशिरा धरत असेल, तर खताला किंवा बियाण्याला दोष देऊ नये. आधी दिव्याचा झोत शेतावरून वळवून घ्यावा.