डी ड्राइव्हमधली प्रत का पुरत नाही?

लग्नाचे फोटो एकाच ड्राइव्हवरच्या एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवले की काम क्षणात होतं. तेच पेन ड्राइव्हवर घ्यायचे तर कितीतरी मिनिटं लागतात. कारण पहिल्या वेळी फोटो हलतच नाहीत. हार्ड डिस्क ग्रंथालयासारखी असते: पुस्तक कपाटात जागच्या जागीच राहतं, बदलते फक्त सूचीतली नोंद. पेन ड्राइव्हवर मात्र पानन् पान नव्याने उतरवावं लागतं.

अनेकजण सी ड्राइव्हमधल्या फाइलींची अशीच नव्याने उतरवलेली प्रत डी ड्राइव्हमध्ये ठेवून निर्धास्त होतात. मला याची फार काळजी वाटते. घरच्या संगणकात अनेकदा हे दोन्ही एकाच डिस्कचे भाग असतात. हार्ड डिस्कच्या आतल्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारं टोक त्यांच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. धक्क्याने ते चकतीला घासलं, तर सी आणि डी दोन्ही एकदम जाऊ शकतात.

म्हणून प्रत वेगळ्या, बाहेरून जोडायच्या डिस्कवर घ्या. त्यातल्या दोन-चार फाइली उघडून पाहा आणि मग ती डिस्क काढून ठेवा. जोडलेलीच राहिली, तर संगणकात शिरलेला खंडणीखोर व्हायरस तिच्यावरच्या फाइलींनाही कुलूप घालू शकतो.